कोणीच न वापरलेला डेटा

१०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटची इंटरनेट जोडणी पूर्ण वेगाने चालू ठेवली, तर ती सेकंदाला साडेबारा मेगाबाइट आणते, कारण आठ बिटांचा एक बाइट. तासाला ४५ जीबी. महिन्याची मर्यादा १ टीबी असेल, तर ती २२ तास १३ मिनिटांत संपते. महिनाभरासाठी घेतलेला वेग पूर्ण ताकदीने एक अख्खा दिवसही वापरता येत नाही. तसा कोणी वापरत नाही, हे मला मान्य आहे. तरीही हा हिशेब प्रत्येकाने कागदावर एकदा मांडून बघावा असं मला मनापासून वाटतं, कारण प्लॅन घेताना आपल्यासमोर येतो तो वेगाचा आकडा, आणि महिनाभर ज्याच्याशी गाठ असते तो दुसरा आकडा खाली बारीक अक्षरात असतो. त्या दुसऱ्या आकड्याला पुरवठादार एफयूपी (फेअर यूज पॉलिसी) म्हणोत, डेटा लिमिट म्हणोत किंवा आणखी काही. तो संपला की कुठे वेग एकदम उतरतो, कुठे वरच्या वापराचे वेगळे पैसे लागतात. वेग १ एमबीपीएसवर आला, तर एक जीबी उतरायला सव्वादोन तास लागतात. घरात कोणाची परीक्षा असेल, कोणाची मीटिंग असेल, तर हे सव्वादोन तास फार लांब होतात.

आमच्या घरात हा विषय आला तो भांडणातून नव्हे, शांततेतून. बिलाची महिन्याची सायकल संपायच्या आधीचा आठवडा आला, की घरातला एकेक आवाज बंद व्हायचा. टीव्हीवर काही लावण्याआधी मुलगी विचारायची. नवरा मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवायचा. दुपारी टॅबलेटवर जुनी गाणी ऐकणं हा सासूबाईंचा रोजचा नेम, तोही थांबायचा. एकदा मी त्यांना विचारलं, "आई, आज गाणी नाही लावली?" तर म्हणाल्या, "तुम्हा सगळ्यांच्या कामाचं नेट आहे ते. माझ्यामुळे संपायला नको."

त्या वाक्यानंतर मी मोजायला सुरुवात केली.

गाण्यांचा हिशेब तर तिथल्या तिथे होण्यासारखा होता. नुसता आवाज १६० केबीपीएसने (सेकंदाला १६० किलोबिट) येत असेल, तर तासाला ७२ एमबी होतात. रोज चार तास ऐकलं तरी महिन्याला नऊ जीबीच्या आत. टीबीभर मर्यादेत हा एक टक्कासुद्धा होत नाही. मी हे आईंना सांगितलं, त्यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशीही टॅबलेट बंदच. त्यांचंही बरोबर होतं. "तुमच्यामुळे संपत नाही" एवढं सांगून भागत नाही. मग कशामुळे संपतं, तेही सांगता यायला हवं. आणि ते आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

पुरवठादाराच्या ॲपमध्ये एक गोल असतो. त्यात किती वापरलं आणि किती उरलं. बस. कोणत्या दिवशी किती, येणारा किती आणि जाणारा किती, यातलं काहीही नाही. त्यातही तो आकडा काही तास मागे असायचा. हा गोल भरतो कसा, ते समजून घेण्यात मी बराच वेळ घातला.

मोजणी आपल्या घरात होत नाही. ती पुरवठादाराच्या टोकाला, आपल्या जोडणीचं सत्र जिथे उघडतं त्या यंत्रावर होते. बऱ्याच जाळ्यांत त्यासाठी रेडियस नावाची पद्धत वापरतात. सत्र सुरू झालं की एक नोंद, मधूनमधून चालू आकड्याच्या नोंदी, सत्र बंद झालं की शेवटची नोंद. तिचं वर्णन करणारा दस्तऐवज, आरएफसी २८६६, जून २००० मधला आहे (इंटरनेटच्या तांत्रिक पद्धती लिहिलेल्या क्रमांकित दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात). किती बाइट आले आणि किती गेले, यासाठी त्यात ३२ बिटांचे दोन रकाने आहेत, आणि ३२ बिटांत मावणारी संख्या ४,२९,४९,६७,२९६ च्या पुढे जात नाही. म्हणजे साधारण ४.२९ जीबी झाले की काटा पुन्हा शून्यावर. असे किती फेरे झाले ते लिहायला त्याच वर्षीच्या आरएफसी २८६९ ने 'गिगावर्ड्स' नावाचे वेगळे रकाने दिले. राउटरवर जे जुने ३२ बिटांचे काटे असतात त्यांनाही हीच मर्यादा: १०० एमबीपीएसच्या पूर्ण वेगात असा काटा ५.७ मिनिटांत एक फेरा पूर्ण करतो, १ जीबीपीएसवर ३४ सेकंदांत. दोन नोंदींच्या मधल्या वेळात तो दोनदा फिरला, तर एक फेरा हिशेबातून गळतो. म्हणून ६४ बिटांचे काटे आले. राउटरवरचा स्वस्तातला आलेख कधीकधी खरा वापर फारच कमी दाखवतो, त्याचं एक कारण हे असतं.

विजेचा मीटर आपल्या दाराशी असतो. त्यावर सील असतं, आकडा आपल्याला दिसतो आणि रीडिंग घ्यायला येणाऱ्यालाही तोच दिसतो. डेटाचा मीटर आपल्याला कधीच दिसत नाही. मोजणारा, विकणारा आणि संपलं म्हणून सांगणारा एकच. तो खोटं मोजतो असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीने २००८ च्या ऑक्टोबरपासून घरगुती जोडणीवर महिना २५० जीबीची मर्यादा लावली. पुढे आपला मीटर बरोबर मोजतो का हे तपासण्यासाठी तिने नेटफोरकास्ट या बाहेरच्या संस्थेला नेमलं. मर्यादेसोबत अशी तपासणी यावी ही माझी अगदी साधी अपेक्षा आहे, आणि बहुतेक ग्राहकांच्या वाट्याला ती येत नाही.

मग आपला मीटर आपणच बसवायचा.

जागा एकच: राउटरचं ते तोंड, जिथून बाहेरची वायर आत येते. प्रत्येक फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये वापर बघता येतो, विंडोजमध्ये आणि अँड्रॉइडमध्ये ती सोय आहेच. पण टीव्ही, कॅमेरा, गेमचा कन्सोल यांची बेरीज त्यात येत नाही. शिवाय घरातल्या घरात एका यंत्रावरून दुसऱ्यावर पाठवलेली फाइल फोनच्या आकड्यात मिसळू शकते. तिचा मर्यादेशी काही संबंध नसतो. बाहेरच्या तोंडावर मोजलं की या भानगडी राहत नाहीत. कित्येक राउटरमध्ये हा काटा आधीपासून असतो, मात्र तो स्मृतीत राहतो आणि वीज गेली किंवा राउटर बंद-चालू केला की पुसला जातो. आमच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालते, त्यावर मी व्हीएनस्टॅट हे मोजणीचं सॉफ्टवेअर बसवलं. ते तासाचा, दिवसाचा, महिन्याचा आकडा साठवून ठेवतं. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की ते जाणाऱ्या-येणाऱ्या मजकुराकडे बघतच नाही. यंत्रणेत आधीच असलेले काटे वाचतं आणि लिहून ठेवतं. महिना कुठल्या तारखेला सुरू होतो तेही त्यात बदलता येतं, आणि ते आवर्जून बदलावं, कारण बिलाची सायकल क्वचितच एक तारखेची असते.

एक खाचखळगा इथे सांगते, कारण तो सहज लक्षात येत नाही. वेग वाढावा म्हणून बऱ्याच राउटरमध्ये हार्डवेअर ऑफलोडिंग असतं. ते चालू असताना बरीचशी रहदारी मुख्य प्रोसेसरला न विचारता परस्पर पुढे सरकते, आणि यंत्रागणिक मोजणारी साधनं ती पकडू शकत नाहीत. आकडा छान कमी दिसतो आणि पुरवठादाराचा गोल मात्र भरत राहतो.

आपला आकडा आणि त्यांचा आकडा तंतोतंत जुळणार नाही, हेही आधी मान्य करावं लागतं. जीबी म्हणजे किती, इथूनच सुरुवात आहे. एका हिशेबात एक अब्ज बाइट, दुसऱ्यात १०२४ च्या पटीने १,०७,३७,४१,८२४. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने दुसऱ्याला गिबीबाइट असं स्वतंत्र नाव दिलं, तरी विंडोज आजही १०२४ ने भागून पुढे जीबीच लिहितं. पुरवठादार दशमान पद्धतीने मोजत असेल, तर त्याचे १००० जीबी संपतात तेव्हा विंडोजच्या भाषेत ९३१ च झालेले असतात. एवढी तफावत बघून कोणीही म्हणेल की कंपनी लुबाडते आहे, आणि प्रत्यक्षात दोघांचेही आकडे आपापल्या जागी बरोबर असतील.

दुसरी तफावत वेष्टनाची. डेटा पॅकेट नावाच्या तुकड्यांत जातो. १५०० बाइटच्या पॅकेटमध्ये साधारणपणे ४० बाइट आयपी आणि टीसीपी या पाठवणीच्या पद्धतींच्या मथळ्यांचे, म्हणजे पत्ता-क्रमांकासारख्या माहितीचे असतात, वर इथरनेटचे १८. मोठी फाइल उतरवताना हा बोजा चार टक्क्यांच्या आसपास. आवाजाच्या कॉलमध्ये मात्र तो डोळ्यांत भरतो: ३२ केबीपीएसचा आवाज वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाठवला, तर ८० बाइट आवाजामागे ४० बाइट मथळे. त्यातून लाइन खराब असेल, तर पुरवठादाराच्या काट्यावरून मोजून निघालेलं पॅकेट वाटेत हरवतं, पुन्हा पाठवलं जातं आणि पुन्हा मोजलं जातं. खराब लाइनचा भुर्दंड असा ग्राहकाच्या मर्यादेतून जातो. मला हे अन्यायाचं वाटतं. त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, कारण घरात ते दिसतच नाही.

तर, मोजणी सुरू झाली. आणि पहिल्याच रात्री जे दिसलं त्याने मी चक्रावले. सगळे झोपलेले, घर सामसूम, आणि जाणाऱ्या डेटाचा काटा एका लयीत पुढे चाललेला. तासामागून तास, पट्ट्या जवळपास सारख्या उंचीच्या. माणूस असा वापर करत नाही. माणसाच्या वापराला चढउतार असतो, जेवणाची सुट्टी असते, झोप असते.

तो दारावरचा कॅमेरा होता. चोवीस तासांचं चित्रण तो क्लाउडवर पाठवत होता. १ एमबीपीएसचा अखंड प्रवाह म्हणजे दिवसाला १०.८ जीबी आणि तीस दिवसांना ३२४ जीबी. आमच्या मर्यादेत येणारा आणि जाणारा, दोन्ही डेटा धरतात. महिन्याच्या एक तृतीयांश शिधा हा कॅमेरा एकटा खात होता. रिकामा जिना, बंद दार, अधूनमधून मांजर: तासन्‌तास हेच चित्रण. ते कोणी कधी बघितलंही नव्हतं.

दुसऱ्या क्रमांकावर फोटो-व्हिडिओंचं सिंक होतं. फोनवर फोर-के, ६० फ्रेमचा व्हिडिओ मिनिटाला साधारण ४०० एमबी होतो. मुलीने कॉलेजच्या प्रकल्पासाठी दहा मिनिटांचं चित्रण केलं, की चार जीबी वर जाणार. तेच चार जीबी तिच्या लॅपटॉपवर उतरणार, टॅबलेटवर सिंक चालू असेल तर तिथेही. फाइल एक, पण मर्यादेतून गेले बारा. मग टीव्हीचा बॉक्स. टीव्ही बंद केला तरी तो बंद होतोच असं नाही. पुढचा भाग आपोआप लागत राहतो. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि अल्ट्रा एचडीला ७ जीबीपर्यंत लागतात. काळ्या पडद्यामागे दोन तास गेले, तर चौदा जीबी. आईंची गाणी दीड महिनाभर ऐकायला पुरली असती.

गेमचे आणि संगणकाचे अपडेट तर सांगायलाच नकोत. त्यांच्याबद्दल एकच: विंडोजमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनची एक सेटिंग अशी असते, की आपल्याकडे उतरलेले अपडेट आपला संगणक इंटरनेटवरच्या अनोळखी संगणकांनाही पुरवतो. मर्यादा असलेल्या घरात ती बंद करावी.

हे सगळं एकत्र मांडलं तेव्हा माझ्या मनात जे पक्कं झालं ते असं: आमच्या घरात मर्यादा संपवणारा मोठा वाटा कोणी माणूस वापरतच नव्हता. तो डेटा कोणी बघितला नाही, ऐकला नाही, वाचला नाही. आणि त्याचं ओझं मात्र माणसं आपल्या अंगावर घेत होती. ज्या बाईंचा वापर सगळ्यांत कमी, त्या सगळ्यांत आधी गप्प झाल्या.

म्हणून मोजणी कशासाठी करायची, हा प्रश्न मला तांत्रिक प्रश्नांपेक्षा मोठा वाटतो. कोण कुठली साइट बघतं, कोण रात्री किती वाजेपर्यंत जागं असतं, हेही राउटरवरून बऱ्याच अंशी कळू शकतं. डीएनएसच्या, म्हणजे साइटचं नाव देऊन तिचा पत्ता विचारण्याच्या नोंदी ठेवल्या की नावं दिसतात. त्या ठेवायच्या नाहीत असं मी ठरवलं आणि घरात सगळ्यांना सांगितलं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने काय वाचावं याचा हिशेब आईने राउटरवर ठेवावा, यासारखी घर मोडणारी गोष्ट नाही. मला हवा होता तो यंत्राचा आकडा: कॅमेरा इतके, टीव्ही इतके, बाकी सगळे मिळून इतके. फोनच्या बाबतीत तसंही हे अवघड झालं आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला आपला मूळ मॅक पत्ता (जाळ्यावरचा यंत्राचा ओळखक्रमांक) न देता बनवलेला पत्ता देतात. यंत्रागणिक यादी त्यामुळे थोडी विस्कटते. विस्कटू दे. फोनवाली माणसं एका रकान्यात राहिली, तर बिघडत काहीच नाही.

उपाय एका दुपारचे होते. कॅमेरा हालचाल झाली तरच चित्रण करतो आणि ते आधी त्याच्यातल्या मेमरी कार्डवर जातं. सिंक एकाच यंत्रावर. बॉक्सवरचं आपोआप पुढे चालणं बंद, आणि टीव्हीसोबत तोही बंद होईल अशी सेटिंग. लॅपटॉपवर वायफायला 'मीटर्ड' अशी खूण केली, म्हणजे मोठे अपडेट विचारल्याशिवाय उतरत नाहीत. सुरक्षेचे अपडेट मात्र अडवू नयेत. त्यात वाचवलेला डेटा महागात पडतो.

आकड्यांची एक चिठ्ठी मी फ्रिजवर लावली. सासूबाईंनी चष्मा लावून ती सावकाश वाचली, आपल्या टॅबलेटची ओळ बोटाने शोधली आणि विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "हो आई, एवढंच." त्यांनी परत विचारलं, "मग त्या कॅमेऱ्याला एवढं कशाला लागतं?" याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.

आता थोडं मर्यादेबद्दल. ती का असते याचं नेहमीचं उत्तर असं, की जाळं सगळ्यांचं आहे, थोड्या लोकांनी अतोनात वापरलं तर बाकीच्यांना त्रास होतो. त्रास होतो हे खरं. पण तो होतो गर्दीच्या तासाला. संध्याकाळी सगळे एकदम बसले की जाळ्यावर ताण येतो. पहाटे तीनला तीच वाट मोकळी असते, आणि तेव्हा न वापरलेली क्षमता संध्याकाळसाठी साठवून ठेवता येत नाही. महिन्याच्या बेरजेला पहाटेचा जीबी आणि रात्री नऊचा जीबी सारखाच. २०२० च्या मार्चमध्ये युरोपात सगळे घरी बसले, तेव्हा युरोपीय आयोगाचे तेव्हाचे आयुक्त थिएरी ब्रेतों यांच्या विनंतीनंतर नेटफ्लिक्सने तिथला बिटरेट, म्हणजे चित्रासाठी सेकंदाला जाणारा डेटा, उतरवला आणि जाळ्यावरचा आपला भार २५ टक्के कमी होईल असं सांगितलं. ताण होता त्या वेळी, त्या वेळेपुरता केलेला हा उपाय. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसच्या २०१४ च्या अहवालात तर वायरवरून सेवा देणाऱ्या काही कंपन्यांनीच सांगितलं होतं, की गर्दी ही सध्या आमची अडचण नाही.

मर्यादेच्या बाजूनेही बोलता येतं. कमी वापरणाऱ्याने कमी द्यावं, जास्त वापरणाऱ्याने जास्त, हे तत्त्व मला पटतं. एकटं राहणारं म्हातारं माणूस आणि चार स्क्रीनचं घर यांना एकच किंमत लावणं बरोबर नाही. पण मग तो किमतीचा विषय आहे, आणि किमतीच्या विषयात माप दोघांना दिसायलाच हवं. ज्या वस्तूचं माप फक्त विकणाऱ्याला दिसतं, तिच्यात ग्राहकाला काटकसर करता येत नाही. त्याला फक्त धास्ती घेता येते. आमच्या घरातल्या त्या गप्प आठवड्यांचं मूळ मला यात दिसतं.

माझ्या पुरवठादाराला मी लिहिलं. त्यांचं पहिलं उत्तर छापील होतं: वापर कमी करा किंवा वरचा प्लॅन घ्या. मी पुन्हा लिहिलं आणि चार गोष्टी मागितल्या. रोजचा आकडा, येणारा आणि जाणारा वेगळा. जीबी म्हणजे नेमके किती बाइट, ते करारात. दिवस कुठल्या वेळेपासून धरतात, कारण मोजणी वेगळ्या कालमापनावर असेल, तर सायकलच्या शेवटच्या रात्रीचा वापर भलत्याच महिन्यात पडतो. आणि लाइनवरच्या गळतीमुळे पुन्हा पाठवाव्या लागलेल्या पॅकेटांचं काय करतात. पहिल्या मागणीवर त्यांनी ॲपमध्ये दिवसागणिक तक्ता देण्याचा विचार चालू असल्याचं कळवलं. जीबीचा अर्थही कळवला: एक अब्ज बाइट. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी तक्रार तांत्रिक विभागाकडे गेली आहे, आणि त्यांनी माझ्याकडच्या तासागणिक नोंदी मागवल्या आहेत. त्या मी पाठवल्या; कॅमेऱ्याचा सुधारण्याआधीचा महिना आणि नंतरचा महिना, दोन्ही.